सुरमई फोटोला थांबते

मांडवी, रत्नागिरी
बुधवार (तारीख भिंतीवर आहे, पण कॅलेंडरच्या पुढ्यात घोडी उभी आहे)

ती. कमलाआत्येस,

खोगिरावरून उतरून, हेल्मेट काढून, नीट वाकून मुकुलचा साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ येते. कशाने, ते पुढे येईल.) इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधतेस ना, की नुसती लोकांना बांधायला सांगतेस? मांजरीला पिल्लं झाल्याचं आईकडून कळलं. किती झाली ते आई दर वेळी वेगळं सांगते, तेव्हा तूच कळव. मागच्या पत्रातल्या माझ्या चुका तू लाल शाईने सुधारून परत पाठवल्यास, त्या मी वाचल्या. या पत्रातही निघतील. सुधार, पण परत पाठवू नकोस. इथे घोडी कागद खाते.

एक आधीच सांगून टाकतो, हे पत्र काही मागण्यासाठी नाही. तुला वाटतं मी मागायचं असलं की लिहितो. तसं नाही. नुसती खुशाली कळवावी म्हणून बसलोय.

तू विचारलं होतंस की मी सध्या काय करतो, आणि "सध्या" या शब्दाखाली रेघ मारली होतीस. रेघ बरोबर आहे. तुझ्याकडे राहून दहावी काढली, त्यानंतर मी काहीही शेवटापर्यंत नेलेलं नाही हे मला मान्य आहे. आयटीआयमध्ये फिटर व्हायला गेलो आणि वर्गाच्या खिडकीतून बाहेर पडलो. (तळमजला होता, काळजी करू नकोस.) मग मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर चढलो, तिथे मासे माझ्यापेक्षा शांत होते, मी दाभोळ येईपर्यंत ओकत होतो आणि तिथेच त्यांनी मला उतरवलं. दाभोळला एक दिवस राहिलो, खाडीच्या तोंडाशी बसून, आणि तिथली एक म्हातारी इतकं छान तिसऱ्यांचं कालवण करायची की... असो. मग गोव्यात हॉटेल, मग पुण्याकडे घोड्यांच्या एका शाळेत खाणं कालवायची नोकरी. तिथे मात्र काय झालं की कालवता कालवता मी घोड्यावर बसायला शिकलो. तेही अर्धं सोडून परत आलो, कारण पावसाळा जवळ आला होता आणि मला समुद्र बघायचा होता. ही कारणं लिहिताना नीट वाटतात, सांगताना वाटत नाहीत.

तर समुद्र बघायला म्हणून मांडवीत आलो आणि हुसेनचाचा भेटले. हुसेनचाचा म्हणजे उभी हयात जहाजावर खलाशांचा सारंग म्हणून काढलेले, आणि म्हातारपणी जमिनीवर टिकणारं काहीतरी हवं म्हणून घोडी घेतलेले गृहस्थ. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढरी लुंगी. लांबून शिडासारखे दिसतात. त्यांनी मला घोडी सांभाळायला ठेवून घेतलं. घोडीचं नाव सुरमई. चाचा म्हणतात, रंग सुरम्यासारखा म्हणून. गिऱ्हाइकं विचारतात, तळलेली की कालवणातली? चाचा सात वर्षं हा विनोद ऐकतायत आणि सात वर्षं हसतायत, धंदा असाच करायचा असतो म्हणे.

आता सुरमईचं काम समजून घे, कारण पुढची सगळी विटंबना त्यातून निघाली आहे. जेटीपासून काळ्या वाळूतून खडकापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत गिऱ्हाइकाच्या माणसांपैकी कोणी मोबाईल वर धरला की थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, मान ताठ, कान पुढे, उजवा पाय किंचित पुढे टाकून उभं राहायचं, आणि चाचांनी "हं" म्हटलं की पुढे चालायला लागायचं. हे तिला कोणी शिकवलं नाही. दिवसभर तेच झालं, तेव्हा तिला वाटतं जगाची रीतच ही. दुसरी रीत म्हणजे पाण्यात पाय टाकला की लाट मागे जाईपर्यंत हलायचं नाही.

पावसात किनाऱ्यावरचा धंदा बंद असतो, म्हणून मी तिला सड्यावर, वरच्या कातळी माळावर, चरायला न्यायचो. एकदा कोणाचा तरी कुत्रा अंगावर आला आणि ही बया मला पाठीवर घेऊन कुंपणाचा कंबरभर उंचीचा चिऱ्याचा गडगा ओलांडून पलीकडे! आत्ये, तुला काय सांगू. मी पलीकडे पोचल्यावरही गडग्यावरच होतो, म्हणजे मनाने. त्या संध्याकाळी मी चाचांना सांगितलं की ही घोडी इव्हेंटिंगला न्यायची.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याने एकाच माणसाला घेऊन तीन परीक्षा द्यायच्या. पहिलीत घोड्याने शहाण्यासारखं चालून दाखवायचं, गोल फिरायचं, सांगितलं तिथे थांबायचं. तिला ड्रेसाज म्हणतात. दुसरीत वेड्यासारखं रानातून पळत ओंडके, खड्डे, पाणी, जे येईल ते ओलांडायचं. तिला क्रॉस कंट्री म्हणतात. तिसरीत परत शहाणं व्हायचं आणि रंगीत दांड्या न पाडता त्यांवरून उड्या मारायच्या. माणसांना अशी परीक्षा घेतली तर आपल्या घरातलं कोणी पास होणार नाही. (तू पहिलीत होशील.)

चाचा एवढंच म्हणाले, "काय रे, तू फिटर होणार होतास ना?" आणि मग जरा वेळाने आतून बाहेर येऊन त्यांनी जे सांगितलं त्याने माझी भूक गेली. चाचा आणि बिल्किसचाची नवीन वर्षात मस्कतला मुलाकडे जायचेत, कायमचे नाही, पण लवकर परत यायचेही नाहीत. घोडीची सोय बघायला हवी. मलकापूरच्या बाजूचा एक वरातवाला तिला मागतोय, रोज फोन करतो. पण मी नाताळच्या आत एक स्पर्धा, नंबर राहू दे, नुसती पूर्ण करून दाखवली, तर घोडी माझी. नाही तर वरातवाल्याची.

वरात म्हणजे बँड, डोक्यावर झगमगाट, पायाशी फटाक्यांच्या माळा. या दिवाळीत पहिली माळ वाजली तेव्हा सुरमई थरथरत पडवीत गेली आणि बिल्किसचाचीच्या ओढणीखाली तोंड घालून उभी राहिली. चाची पण हलली नाही, करंज्या तशाच राहिल्या. मी ते बघितलंय गो. तिला वरातीला द्यायची नाही.

म्हणून सराव सुरू केला. सड्यावर माशांचे रिकामे क्रेट, आंब्याच्या पेट्या, पोफळीचं एक आडवं खोड आणि चाचीची दोन प्लास्टिकची पिंपं (रिकामी आहेत असं मला वाटलं होतं, एकात कोकमं होती, तो विषय आता मिटला आहे) अशी रांग लावली. सुरमई सगळ्यावरून हलकेच जायची, पायरी ओलांडल्यासारखी. पोशाखाला कोट लागतो, तो चुलत्याच्या लग्नातला मिळाला. उंच बूट लागतात, ते मिरकरवाड्याहून गमबूट आणले. गमबुटात पाणी आत गेलं की ते आपलंच होतं, एवढा एक दोष.

पहिली स्पर्धा तुळशीचं लग्न झाल्यावर, कोल्हापूरच्या अलीकडे उसाच्या एका मळ्यावर. तिथले घोडे बघून मला परत ट्रॉलरवर गेल्यासारखं झालं. काय ते उंच, काय त्यांचे विंचरलेले, वेणी घातलेले केस! पण ड्रेसाजला आत्ये, तुझ्या पायाची शपथ, सुरमईने मैदान गाजवलं. सरळ चालायचं तर ती सात वर्षं सरळच चालत आली आहे. मधोमध थांबून परीक्षकांना नमस्कार करायचा असतो, तिथे समोरच्या एका बाईंनी मोबाईल वर धरला आणि ही अशी उभी राहिली, अशी, की पुण्याहून आलेल्या परीक्षकबाई चष्मा काढून बघायला लागल्या. त्या वेळी आमच्या पुढे फक्त एकच घोडा होता, आणि तो परदेशी होता. मी मनातल्या मनात तुला पत्र लिहायलाही घेतलं होतं. ते वेगळं पत्र झालं असतं.

मग क्रॉस कंट्री. पहिला ओंडका अगदी घोट्याएवढा, पोरांनी खेळावं असा. पण अडथळा आला की तिथे प्रेक्षक असतात आणि प्रेक्षक असले की मोबाईल असतात. सगळ्यांनी एकदम वर धरले. सुरमई थांबली. मान ताठ, कान पुढे, उजवा पाय किंचित पुढे. मी टाचा मारतोय, लगाम हलवतोय, "हं" म्हणतोय, पण माझं "हं" तिला मान्य नव्हतं. वळवून परत आणली, परत थांबली. तिसऱ्यांदा लोकांचे हात भरून आले म्हणून मोबाईल खाली आले आणि तेवढ्यात आम्ही पलीकडे गेलो. पुढे पाण्याचा अडथळा. पाण्याजवळ कोणी नव्हतं, मला वाटलं सुटलो. तिने पाण्यात पाय टाकला आणि लाट मागे जायची वाट बघत उभी राहिली. तळ्याला लाट कुठली?

परीक्षकबाई गाडीतून आल्या. म्हणाल्या, "ही कोणाची वाट बघतेय का?"

मी खरं तेच सांगितलं. "ओहोटीची."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्ही बाद झालो. परतताना आंबा घाटात मी टेंपोच्या मागे घोडीजवळ बसून तिला बरंच काही बोललो. चाचा पुढे बसले होते, त्यांनी मागची खिडकी सरकवली. "मेल्या, तिला कशाला शिव्या घालतोस? ती कामावर आहे. फिरायला तू आलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लीद काढत असताना बिल्किसचाची चहा घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मोबाईल काढून कुठे घेशील बाबा, दुनियेच्या हातात आहे तो. त्यापेक्षा तो उडीच्या पलीकडे ठेव." आणि गेली. चहा गार झाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. चाचांना अडथळ्याच्या पलीकडे उभं केलं, मोबाईल वर धरलेला, दुसऱ्या हातात ग्लुकोजची बिस्किटं. सुरमईने बघितलं, विचार केला, उडी मारली, बिस्किट खाल्लं, फोटोला उभी राहिली. मग पुढचा गडगा, पलीकडे चाचा. मग पुढचा. आठवड्यात अशी तयार झाली की मोबाईल दिसला की मधे काय आहे ते न बघता सुटायची. लाटेचाही बंदोबस्त झाला. व्हाळाच्या वाहत्या पाण्यापलीकडे चाचांनी बिस्किट दाखवलं आणि तिने समुद्राचे सगळे नियम एका बिस्किटावर मोडले. मला वाटलं, जिंकलं. हे वाक्य मी आयुष्यात जिथे जिथे म्हटलंय तिथे पुढे काय झालं ते तुला माहीत आहे.

दुसरी स्पर्धा साताऱ्याच्या बाजूला होती. ड्रेसाज परत उत्तम. क्रॉस कंट्रीला पहिले तीन अडथळे असे गेले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (वाऱ्याने.) चौथ्याकडे वळायचं होतं उजवीकडे. डावीकडे दोरीच्या पलीकडे पाहुण्यांच्या जेवणाचा मांडव होता, आणि तिथला आचारी आपल्या जिलेबीच्या कढईसोबत स्वतःचा फोटो काढत होता. हात चांगला उंच धरलेला. मी उजवा लगाम ओढला, तो तिने ऐकून घेतला. मग दोरी ओलांडली. मग ताकाच्या पिंपांची रांग. मग जेवणाचं टेबल, त्यावर ताटं मांडलेली, एकालाही पाय लागला नाही. आचाऱ्यापुढे उतरून मान ताठ, कान पुढे. मी मात्र टेबलापर्यंतच तिच्याबरोबर होतो. कंबरेची कळ ती हीच.

भोंग्यावर जो माणूस बोलत होता तो फार सभ्य होता. तो म्हणाला, "घोडा क्रमांक नऊ... घोडा क्रमांक नऊ जेवायला गेलेला आहे."

आचाऱ्याने भीतीने तिला एक जिलेबी दिली. त्यानंतर तिला तिथून हलवायला मी, चाचा आणि दोन पाहुणे लागलो. आम्ही परत बाद. नंतर एका मिशीवाल्या गृहस्थांनी टेबलाची उंची वितीने मोजली आणि ते मान हलवत मला म्हणाले की आमच्या गटातल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा हे टेबल उंच आहे. म्हणजे उडीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती दिशेबद्दल, आणि ती माझ्याबद्दल सगळेच करत आले आहेत.

परत आलो त्या संध्याकाळी वरातवाल्याचा फोन आला. चाचा नेहमी हा फोन घेऊन माडाखाली जातात आणि पाठ करून बोलतात, मला ऐकू येऊ नये म्हणून, भला माणूस. परत येऊन म्हणाले, "विचारतोय, पांढऱ्या झुलीचं माप काय घेऊ." मी रात्री जेवलो नाही. सकाळी उठून गेलो, खरारा केला, ती माझ्या खिशात बिस्किट शोधत होती. तिला काय माहीत झुलीचं. नंतर सरावाला गेलो.

आता सगळं शांत आहे, घाबरू नकोस. मी आणि चाचांनी पद्धत बदलली आहे. चाचा आता एकाच जागी, सड्याच्या टोकाला उंचवट्यावर खुर्ची टाकून बसतात, आणि सुरमई सगळा फेरा, सगळे गडगे, व्हाळ, सगळं करून शेवटी त्यांच्यापाशी जाते. मधे एखादा मोबाईल दिसला तर मान वळवते, पण लांब टोकाला पांढरं काही दिसलं आणि त्याच्या हातात मोबाईल असला की ती त्यालाच खरा धरते. शेवटची स्पर्धा येत्या रविवारी आहे, त्याच उसाच्या मळ्यावर. परीक्षकबाईंना मी जाऊन भेटलो, त्यांनी मला ओळखलं ("ओहोटी?" म्हणाल्या) आणि आम्हाला सकाळी सगळ्यांत पहिला नंबर दिला आहे, प्रेक्षक यायच्या आत. तेव्हा या वेळी होईल असं वाटतं. नाही झालं तर... नाही झालं तर मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि कुठे निघून जावं असंही या वेळी सुचत नाही. हे माझ्याबाबतीत नवीनच आहे. आजारपण नाही ना हे?

बाकी सर्व क्षेम. मांजरीच्या पिल्लांना आणि शेजारच्या सखूमावशीला विचारलं म्हणून सांग. थोरांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुझ्या गुडघ्याला निरगुडी.

तुझा आज्ञाधारक (मोठ्या बाबींत),
मुकुल

ता. क. एक सांगायचं राहिलं. चाचा आणि चाची शनिवारी मस्कतच्या कागदांसाठी मुंबईला जातायत, रविवारी ते नसतील. म्हणजे शेवटच्या टोकाला पांढरं कोणीतरी हवं. तुझ्याकडे ती बारीक काठाची पांढरी साडी आहे, शिक्षकदिनाची. मी नियम विचारून घेतलेत: हाक मारायची नाही, खाणं दाखवायचं नाही, पण पांढरी साडी नेसून मोबाईल वर धरून उभं राहायला बंदी नाही. मोबाईल माझा देईन. उलटा धरलास तरी चालेल, बंद असला तरी चालेल. फक्त हात खाली करू नकोस.

ता. क. २. टेंपोवाल्या अनिलला सांगून ठेवलंय. कोल्हापूरला जाताना साखरप्याहून वाट वाकडी करून आम्ही शनिवारी संध्याकाळी देवरुखला तुझ्याकडे मुक्कामाला येतोय. घोडी फणसाला बांधू. जास्वंद, कोथिंबीर आणि वर्तमानपत्रं तेवढी आत घे. नाही म्हणायचं असलं तर अनिलला उद्याच सांग, म्हणजे तो मला सांगायला विसरेल.

ता. क. ३. वर लिहिलंय की हे पत्र मागण्यासाठी नाही. त्या वाक्याला लाल शाई लाव. पाकीट चिकटवायला माझ्याकडे डिंक नाही, म्हणून ते तसंच उघडं चाचांकडे देतोय. ते चिकटवून अनिलकडे देतील.

कमलाताईंना हुसेन सारंगचा सलाम. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं, माफी असावी. पोराने बिल्किसच्या कोकमांबद्दल लिहिलंय की विषय मिटला; मिटलेला नाही.

ताई, मलकापूरचा वरातवाला असा कोणी नाही. माडाखाली मी माझ्या मुलाशीच बोलत असतो, तो तिकडून हसत असतो. झुलीचं माप त्यानेच सुचवलं. घोडी द्यायची तर या पोरालाच, हे बिल्किसने पावसातच ठरवलं होतं. पण मला धाकधूक होती. पोरगा गुणी, पण वाऱ्याचा. आम्ही तिकडे मस्कतला आणि हा कुठल्या तरी गाडीत बसला, तर मुक्या जनावराने बघायचं कोणाकडे? म्हणून म्हटलं, जरा वाट अवघड करून बघू. दोनदा बाद झाला, चारचौघांत हसं झालं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी, अजान होते न होते तोच, लीद काढायला हजर. मला तेवढंच बघायचं होतं.

तुम्ही रविवारी जा. पांढरी साडी नेसा. हात दुखला तर डावा धरा, तिला चालतो. पूर्ण झाली तरी घोडी त्याची, नाही झाली तरी त्याचीच. पण सांगायचं ते सोमवारी. आधी कळलं तर मेला रविवारी झोपून राहील.